मशीन विकून ‘सर्व्हिस’ सुरू करावी का?

पत्र : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशिनिंग यंत्रे), चार लेथ आणि चौदा माणसे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग आम्ही जॉबवर्कवर करून देतो. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पुण्यात एका डिझाइन कंपनीत चार वर्षे नोकरी करून तो आता परत आला आहे. त्याचे म्हणणे असे की मशीन विकून टाका, शेड भाड्याने द्या आणि त्या पैशांतून मोजमाप, तपासणी व डिझाइनची सेवा देणारे केंद्र काढू. एका एजंटाने गोदामासाठी बरे भाडेही सांगितले आहे. बँकेतले साहेब म्हणतात, मशीन तारण घेता येते, रिपोर्ट तारण घेता येत नाही. माझ्या मते देश कारखान्यांनी मोठा होतो, चीनकडे पाहा. मुलगा म्हणतो, भारताचे निम्म्याहून अधिक उत्पन्न सेवाक्षेत्रातून येते, तुम्ही अजून जुन्या काळात आहात. आमच्यात बरोबर कोण? आणि मी काय करावे?
— एक कारखानदार, शिरोली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. विकसनशील देश कशाच्या जोरावर वर येतो, हा एक. आपल्या शेडचे काय करायचे, हा दुसरा. आपण आणि चिरंजीव दोघेही पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती धरून दुसऱ्यावर भांडत आहात, त्यामुळे वाद मिटत नाही. तरीही पहिल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात आपण दोघांनी अर्धी-अर्धी गोष्ट धरली आहे आणि उरलेली अर्धी शेडच्या निर्णयात उपयोगी पडणारी आहे.

चिरंजीवांचा आकडा खरा आहे. भारताच्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे ढोबळमानाने देशाच्या उत्पन्नात, सेवाक्षेत्राचा वाटा आज ५५ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या कामकऱ्यांपैकी जवळपास ३० टक्केच सेवाक्षेत्रात आहेत. सुमारे ४६ टक्के शेतीत आहेत आणि कारखानदारीत ११ टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे चिरंजीव उत्पन्न मोजतात आणि आपण हात मोजता. दोन्ही मोजमापे बरोबर आहेत, आणि भारताची खरी अडचण या दोहोंमधल्या अंतरात आहे. चीनचे म्हणाल, तर तिथेही २०१५ पासून राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक हिस्सा सेवांमधूनच येतो. फरक इतकाच की त्याआधी तिथल्या कारखान्यांनी कोट्यवधी माणसे शेतातून उचलून पगारावर आणली होती. आपल्याकडे ती मधली पायरी पुरती बांधलीच गेली नाही.

आपल्या मताला मोठी परंपरा आहे, हेही सांगायला हवे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये घरगड्याच्या, वकिलाच्या आणि नटाच्या कामाला अनुत्पादक ठरवले होते, कारण ते काम झाले की मागे विकण्यासारखी वस्तू उरत नाही. पुढे १९४० मध्ये अर्थतज्ज्ञ कॉलिन क्लार्क यांनी मांडले की, उत्पन्न वाढत जाते तशी माणसे शेतीतून उद्योगात आणि उद्योगातून सेवांकडे सरकतात. त्या क्रमात सेवा शेवटी येत असल्यामुळे त्या श्रीमंतीचे कारण नसून परिणाम आहेत, असा समज रुजला. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९६० च्या दशकात कारखानदारीला विकासाचे इंजिन म्हटले. त्याच दशकात दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम बोमोल यांनी दाखवून दिले की चार वादकांची एखादी रचना वाजवायला जेवढा वेळ दोनशे वर्षांपूर्वी लागे तेवढाच आजही लागतो. अशा कामात उत्पादकता वाढत नाही, पण मजुरी इतरांच्या बरोबरीने वाढत राहते. आपल्याकडच्या सरकारलाही सेवा दिसू लागल्या त्या मुख्यतः करासाठी. १९९४ मध्ये टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर ५ टक्के सेवाकर बसवला, तेव्हा कुठे दिल्लीच्या करवसुलीत त्यांना स्वतंत्र जागा मिळाली.

मग बदलले काय? पूर्वी सेवा देणारा आणि घेणारा एकाच जागी असावे लागत. न्हाव्याला मुंबईहून कोल्हापुरातल्या गिऱ्हाइकाचे केस कापता येत नाहीत. १९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी एक गोष्ट नेमकी हेरली. वस्तूच्या पोटात असलेली कामे, म्हणजे हिशेब, आराखडा, तपासणी, वस्तूपासून सुटी होत आहेत, आणि तंत्रज्ञानामुळे ती माणसापासूनही सुटी होऊन तारेवरून जाऊ लागली आहेत. पुढच्याच वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडून उपग्रहामार्फत काम बाहेर पाठवायला सुरुवात केली. २०२३-२४ मध्ये भारताची सेवांची निर्यात सुमारे ३४१ अब्ज डॉलरवर पोहोचली आणि वस्तूंची ४३७ अब्ज डॉलर होती. ज्या देशात बंदरे, वीज आणि रस्ते ही तिन्ही बराच काळ कच्ची राहिली, त्या देशाला ही वाट मोकळी सापडली. आपल्या परिसरातले उदाहरण द्यायचे तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा मालाचे ट्रक अडकून पडले होते; ज्याच्या कामाला रस्ताच लागत नाही अशा माणसाचे बिल मात्र त्या दिवसांतही पुण्याला जाऊ शकत होते.

इथवर वाचून चिरंजीव खूश होतील, म्हणून लगेच दुसरी बाजू. माहिती-तंत्रज्ञान उद्योगात २०२३-२४ मध्ये थेट काम करणारे सुमारे ५४ लाख लोक होते. देशातल्या पन्नास कोटींहून अधिक कामकऱ्यांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास येते. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी विकसनशील देशांबद्दल हीच काळजी व्यक्त केली आहे. युरोपातले देश ज्या उत्पन्नावर पोहोचल्यानंतर कारखान्यांतला रोजगार कमी होऊ लागला, त्याच्या कितीतरी आधीच आजच्या गरीब देशांत तो घटू लागतो. तिथे शेतातून निघालेला माणूस मग सॉफ्टवेअरमध्ये जात नाही, तो चहाची टपरी टाकतो, रिक्षा चालवतो किंवा रखवालदार होतो. आकडेवारीत हेही सेवाक्षेत्रच आहे. टपरीवाल्याला कमी लेखण्याचा प्रश्न नाही, पण त्याच्या आणि बंगळुरूतल्या इंजिनिअरच्या कामाला एकाच नावाखाली मोजून आनंद मानणे ही फसवणूक आहे.

म्हणून सेवा की कारखाना, हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटत नाही. कोणती सेवा, हा प्रश्न कामाचा आहे. आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे पक्षकार आता कोल्हापुरात येतात. त्यामुळे वकिलांची कार्यालये, लॉज, खानावळी, झेरॉक्स आणि टायपिंगवाले यांना काम मिळते आणि कोल्हापूरसाठी ही निखळ वाढ आहे. देशाच्या हिशेबात मात्र यातला बराच खर्च नवा नाही. जो पैसा पूर्वी मुंबईत खर्च होत होता तो आता कोल्हापुरात होतो. नवे आहे ते पक्षकाराचे वाचलेले दोन दिवस आणि त्या दोन दिवसांत त्याने केलेले स्वतःचे काम. एखादी सेवा देशाला वर नेते की नाही, हे बहुतेक वेळा अशा वाचलेल्या दिवसांवरून कळते.

केनियातले मोबाइल पैसे हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झाली आणि साध्या फोनवरून गावाकडे पैसे पाठवता येऊ लागले. २०१६ मध्ये तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी केलेल्या अभ्यासात या एका सेवेमुळे केनियातली सुमारे २ टक्के कुटुंबे अतिदारिद्र्यातून बाहेर आल्याचे दिसले. त्यातही अनेक स्त्रिया शेती सोडून छोट्या व्यापाराकडे वळल्या. इथे सेवेने दुसऱ्यांच्या कामाला हात दिला. याच्या उलट श्रीलंकेकडे पाहा. २०१८ मध्ये तिथे २३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. २०१९ चे बॉम्बस्फोट आणि त्यानंतरची साथ यांमुळे २०२१ मध्ये ही संख्या दोन लाखांच्या आत आली. कर्ज आणि धोरणाच्या इतर चुका होत्याच, पण परकीय चलनाचा हा झरा आटल्यामुळे २०२२ मध्ये देशाला कर्जफेड थांबवावी लागली. पर्यटन वाईट नाही. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांवर आपल्या शहरातली किती घरे चालतात हे मी कोल्हापूरकराला सांगायला नको. मात्र ज्या सेवेचे गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसे होऊ शकते, तिच्यावर सगळा भार टाकू नये.

आता आपल्या शेडमध्ये येऊ.

कास्टिंगवर मशिनिंग करून दिले म्हणजे आपण फक्त वस्तू विकतो, असे आपल्याला वाटते. नव्या गिऱ्हाइकाचा पहिला नग आठवून पाहा. ड्रॉइंग येते, पॅटर्न होते, फाउंड्री नमुना ओतून देते, आपण तो मशीनवर चढवता आणि इथे गाडी थांबते, कारण गिऱ्हाइकाला प्रत्येक मापाचा रिपोर्ट, धातूच्या चाचणीचे प्रमाणपत्र आणि पीपॅपची, म्हणजे नव्या भागाच्या मंजुरीची, सगळी फाइल हवी असते. बऱ्याच छोट्या फाउंड्रीकडे स्वतःचे सीएमएम (नगाची मापे अचूक घेणारे यंत्र) नसते. नग बाहेर पाठवायचा, रांगेत थांबायचे, माप चुकलेले निघाले की दोष कोणाचा यावर फाउंड्री आणि मशीन शॉप यांच्यात फोनाफोनी करायची, हा सगळा प्रकार आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अनेक देशांच्या आकडेवारीत निर्यात होणाऱ्या कारखानी मालाच्या मूल्यात सुमारे एक तृतीयांश वाटा अशा सेवांचा दिसतो. चिरंजीव ज्याची कल्पना मांडत आहेत ती सेवा चांगली चालली, तर आसपासच्या दहा-वीस कारखान्यांचे नमुने आठवडाभर आधी मंजूर होतील. ही एम-पेसाच्या जातीची सेवा आहे, टपरीच्या नव्हे. कल्पनेला माझा कौल आहे.

मशीन विकण्याला मात्र नाही, आणि त्याचे कारण भावनिक नाही. कच्च्या कास्टिंगवर माप कुठून धरायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, दोन्ही पेट्या किंचित सरकलेल्या असतात, ड्राफ्टमुळे (साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून दिलेल्या उतारामुळे) भिंत वर-खाली सारखी नसते, कोअर (साच्यातला आतला गाभा) हलल्यामुळे एका बाजूचा मटेरिअल कमी पडतो. आपला जुना सेटर, म्हणजे मशीनवर नग बसवून देणारा कामगार, नग हातात घेऊन फिरवतो आणि कोणत्या बाजूवर क्लॅम्प करायचा ते ठरवतो, तेव्हा तो हे सगळे जमेस धरत असतो. चिरंजीवांनी पुण्यात चार वर्षे जे केले ते काम मुख्यतः पडद्यावरचे असावे. निव्वळ ड्रॉइंग काढून देण्याच्या आणि थ्रीडी मॉडेल करून देण्याच्या कामावर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची नजर आहे, आणि फिलिपाइन्समधल्या कॉल सेंटरना आज जी धास्ती आहे तीच या कामाला लागू होते. प्रत्यक्ष नग हातात घेऊन ‘हा दोष पॅटर्नचा आहे, मशिनिंगचा नाही’ असे सही करून सांगणाऱ्याची गरज इतक्या लवकर संपणार नाही. ते सांगण्याची अक्कल आपल्या शॉपफ्लोअरवर आहे. मशीन विकली की ती माणसे जातील, आणि चिरंजीवांच्या केंद्राला इतरांपासून वेगळे करणारी गोष्टही त्यांच्याबरोबर जाईल.

इथे एक अडचण आहे, तिचा उल्लेख आपल्या पत्रात नाही आणि बहुधा चिरंजीवांच्या आराखड्यातही नसेल. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेचा दुसरा मशीन शॉपवाला आपल्या नव्या गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग घेऊन आपल्या शेडमध्ये का येईल? तो आपला स्पर्धक आहे. त्याला पहिली शंका येईल ती हीच, की आज मापासाठी दिलेला नग उद्या आपण स्वस्तात कोट करणार. म्हणून केंद्र आणि मशीन शॉप कागदावर तरी पूर्ण वेगळे हवेत. वेगळे नाव, वेगळे खाते, वेगळा दरवाजा, आणि केंद्रात आलेल्या नगाच्या कामासाठी आपले शॉप ठरावीक मुदतीत कोट करणार नाही असे लेखी वचन. पुढे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता घ्यायची झाली तर आयएसओ १७०२५ या मानकात निःपक्षपातीपणाची अटच आहे. तेव्हा हे आजच करून ठेवलेले बरे. आपल्या स्वतःच्या शॉपचे नगही त्याने तपासावेत, पण बाजारभावाने बिल लावून, आणि आपण ते बिल वेळेवर द्यावे.

केंद्राची सुरुवात कोपऱ्यातल्या एका बंद खोलीपासून होऊ शकते. लांबीच्या मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरले जाते. मे महिन्यात शिरोलीच्या पत्र्याखाली तापलेला नग थेट सीएमएमवर ठेवला तर रिपोर्ट सुंदर दिसेल आणि चुकीचा असेल. त्यामुळे पहिला खर्च चकचकीत ऑफिसवर नको, खोलीच्या इन्सुलेशनवर, चोवीस तास चालणाऱ्या एसीवर, ग्रॅनाइटच्या टेबलावर आणि कॅलिब्रेशनवर करावा. जमल्यास चांगल्या स्थितीतले जुने सीएमएम पाहावे. आपल्याला पैशांची सोय करायची असेलच, तर चार लेथपैकी ज्यांच्यावर लोड नाही त्या विका. दोन्ही व्हीएमसी राहू द्या.

चौदा माणसांचा विचार मी मुद्दाम वेगळा करतो आहे, कारण वर सांगितलेले देशपातळीवरचे अंतर आपल्या शेडमध्ये जसेच्या तसे उभे राहणार आहे. तपासणी केंद्राला तीन-चार माणसे पुरतील आणि ती डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग झालेली लागतील. आपली माणसे आयटीआयची किंवा हाताखाली शिकून तयार झालेली आहेत. मशीन विकून केंद्र काढले तर दरडोई उत्पन्न वाढेल आणि दहा घरांचा पगार बंद होईल. देशाने हेच केले म्हणून देशाला नावे ठेवणारे आपण, निदान आपल्या हातात असलेल्या शेडमध्ये तरी घाईने तसे करू नये. चौदातल्या दोघा-तिघांना, विशेषतः सेटर आणि इन्स्पेक्शनवाल्याला, चिरंजीवांनी आपल्या हाताखाली घेऊन मोजमाप शिकवावे. त्यातून दोघांनाही फायदा आहे.

बँकेचे साहेब आपल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांचे वाक्य पूर्ण नाही. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या व्याख्येत उत्पादन आणि सेवा यांना एकच निकष लागू आहेत. केंद्राची उद्यम नोंदणी होऊ शकते, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी योजनेत तारणाशिवाय दिलेली सेवाक्षेत्राची कर्जेही बसतात. सीएमएम हेही यंत्रच आहे आणि त्याचे तारण होते. त्यांना योजनेचे नाव घेऊन विचारा, आणि तरी टाळाटाळ झाली तर दुसरी बँक पाहा. उधारीचा त्रास मात्र सेवेत कमी होईल अशा भ्रमात चिरंजीवांनी राहू नये. माल अडवून ठेवता येतो, पण एकदा ईमेलने गेलेला रिपोर्ट परत मागता येत नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि ते सेवांनाही लागू आहे. मात्र कायद्याचा धाक दाखवून गिऱ्हाईक टिकत नाही, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे निम्मे पैसे आगाऊ घेण्याची शिस्त ठेवलेली बरी.

राहिला गोदामाच्या भाड्याचा प्रस्ताव. सेवाक्षेत्रात तोही मोडतो आणि सगळ्यांत कमी कष्टाचा आहे, म्हणूनच मोह होतो. वयाच्या दृष्टीने आपल्याला तो सोयीचा वाटत असल्यास मी आपल्याला दोष देणार नाही, पण दोन वर्षे थांबा. केंद्र चालले तर शेडची जागा आपल्यालाच अपुरी पडेल, नाही चालले तर भाडेकरू तेव्हाही मिळेल. शिवाय एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याच्या प्लॉटवर पोटभाडेकरू ठेवायचा तर महामंडळाची पूर्वपरवानगी आणि शुल्क लागते. एजंटाने सांगितलेल्या भाड्यात हे शुल्क धरले आहे की नाही, ते त्याच्याकडून लेखी घ्या आणि मगच घरात त्या आकड्यावर चर्चा करा.